गरोदरपणातल्या मलेरियावर लस बनवायचीय? आधी वेळ ठरवा, प्रोटीन नंतर

लशीवर काम करायचंय असं म्हणणारी बायोटेकची, मायक्रोबायॉलॉजीची बरीच मुलं भेटतात, आणि मलेरियाचं नाव काढलं की त्यांना आरटीएस,एस आणि आर२१ एवढी दोन नावं माहीत असतात, एकीची डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये शिफारस केली, दुसरीची २०२३ मध्ये, झालं, आता काय उरलंय असा एकूण सूर. उरलंय भरपूर. त्या दोन्ही लशी लहान मुलांसाठी आहेत, साधारण पाच महिन्यांच्या बाळापासून पुढे. गरोदर बाईसाठी म्हणून मंजूर झालेली मलेरियाची लस अजून एकही नाही, आणि गरज किती आहे तर डब्ल्यूएचओच्याच अंदाजाप्रमाणे २०२२ साली आफ्रिकेतल्या मध्यम ते जास्त मलेरिया असलेल्या ३३ देशांत मिळून ३ कोटी ५४ लाख गरोदरपणं होती आणि त्यातल्या १ कोटी २७ लाखांत, म्हणजे शंभरात ३६ मध्ये, मलेरियाची लागण झाली.

तर अशी लस बनवायला कुठून सुरुवात करायची, कशाच्या मागे लागायचं आणि हमखास कुठे अडतं हे जमेल तेवढं सलग लिहितेय. हे एकट्यादुकट्याचं काम नाहीच, पण कुठल्याही एका पायरीवर काम करणाऱ्याला बाकीच्या पायऱ्या माहीत असाव्यात, नाहीतर लॅबवाले तिकडे खूश आणि ट्रायलवाले इकडे डोकं धरून बसलेले, असं होतं.

आधी आजार समजून घ्या, हा नेहमीचा मलेरिया नाही

फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की वीसेक तासांनी त्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला स्वतःचं एक चिकट प्रोटीन आणून बसवतो. अशी प्रोटीनं बनवणारी साधारण ६० जनुकं त्याच्याकडे असतात, त्यांना व्हार जनुकं म्हणतात, आणि एका वेळी त्यातलं एकच चालू असतं. शरीराने एकाविरुद्ध अँटीबॉडी तयार केली की हा सोंग बदलतो, पुढचं जनुक चालू. चिकटायची एवढी धडपड कशासाठी, तर रक्ताबरोबर फिरत राहिलं तर प्लीहा अशा पेशी गाळून टाकते, म्हणून कुठल्यातरी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसायचं.

जिथे मलेरिया बारा महिने असतो तिथली मुलगी मोठी होईपर्यंत यातली बहुतेक सोंगं तिच्या शरीराच्या ओळखीची झालेली असतात, त्यामुळे मोठेपणी परजीवी अंगात असला तरी ती फारशी आजारी पडत नाही. मग तिला दिवस जातात आणि शरीरात एक नवाच अवयव तयार होतो, वार. या वारेच्या आईच्या रक्ताकडच्या बाजूला कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाची साखरेची साखळी असते, सगळे तिला सीएसए म्हणतात, आणि परजीवीच्या त्या साठातलं एक प्रोटीन, व्हार-टू-सीएसए, नेमकं हिलाच घट्ट धरतं. हे सोंग त्या बाईच्या शरीराने आजवर पाहिलेलंच नसतं कारण चिकटायला वारच नव्हती. त्यामुळे परजीवी वारेत साठत जातात, तिथे सूज येते, बाळाकडे जाणारं अन्न-ऑक्सिजन कमी होतं, आईचं हिमोग्लोबिन घसरतं, बाळ अडीच किलोच्या खाली भरतं किंवा दिवस पुरे व्हायच्या आत येतं, कधी पोटातच जातं. आणि यातला सगळ्यात फसवा भाग असा की बाईला ताप नसू शकतो आणि बोटातून घेतलेल्या रक्ताची स्लाइडसुद्धा निगेटिव्ह येऊ शकते, कारण परजीवी बोटात नाहीतच, ते वारेत आहेत.

आता लस शक्य आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? निसर्गानेच हा प्रयोग करून ठेवलाय. पहिलटकरणीला सगळ्यात जास्त त्रास होतो, दुसऱ्या खेपेला कमी, तिसऱ्या-चौथ्या खेपेला आणखी कमी. म्हणजे शरीर शिकतंय. १९९६ मध्ये मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी केनियातल्या बाळंतिणींच्या वारेतून परजीवी काढून दाखवलं की ते सीएसएलाच चिकटतात. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच गटाने दाखवलं की बऱ्याच खेपा झालेल्या बायकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी हे चिकटणं अडवतात, आणि एका भागातल्या बाईचं सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पाणी) पार दुसऱ्या खंडातल्या परजीवीलाही अडवतं. या संपूर्ण क्षेत्राची आशा त्या एका निरीक्षणावर उभी आहे. पुढे २००३ मध्ये कोपनहेगनच्या अली सालांती आणि सहकाऱ्यांनी यामागचं जनुक शोधून काढलं आणि मग लस बनवणाऱ्यांच्या हातात टार्गेट आलं.

दोन गोष्टी इथेच नोंदवून ठेवा. एक, व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियात ही व्हार जनुकंच नसतात, आणि व्हायव्हॅक्सनेही गरोदरपणात अॅनिमिया आणि कमी वजनाची बाळं होतात, त्यामुळे व्हार-टू-सीएसएची लस सगळीकडची अडचण सोडवणार नाही. दुसरं म्हणजे जिथे मलेरिया तुरळक असतो तिथे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाईसुद्धा पहिलटकरणीइतकीच उघड्यावर असते, शिकायला संधीच मिळालेली नसते. मलेरिया कमी होत चालला की या बायकांची संख्या वाढते, हे कुणी पटकन लक्षात घेत नाही.

वेळ ठरवा

माझ्या मते सगळ्यात पहिला निर्णय हाच, आणि बहुतेक लोक तो सगळ्यात शेवटी घेतात.

गरोदर बाई पहिल्यांदा तपासणीला येते तेव्हा बऱ्याचदा चौथा-पाचवा महिना लागलेला असतो. वारेत आईचं रक्त खेळायला लागतं ते पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटाकडे, आणि तेव्हापासून परजीवीला चिकटायला जागा तयार. लशीचे तीन डोस, मध्ये चार-चार आठवड्यांचं अंतर, त्यानंतर अँटीबॉडी वर यायला दोनेक आठवडे, हा हिशोब मांडला तर चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू केलेली लस पूर्ण होईपर्यंत बाई सातव्या-आठव्या महिन्यात पोचलेली असते. नुकसान तर आधीच व्हायला सुरुवात झाली. धनुर्वाताचं किंवा आरएसव्हीचं (तान्ह्या बाळांच्या छातीला त्रास देणाऱ्या विषाणूचं) इंजेक्शन गरोदरपणातच देतात ना, मग हे का नाही, असं विचारतात. तिथे मुख्य हेतू आईच्या अँटीबॉडी बाळाला पोचवणं हा असतो, शेवटचे काही आठवडे मिळाले तरी चालतं. इथे युद्ध वारेतच आहे आणि ते लवकर सुरू होतं.

म्हणजे लस दिवस जायच्या आधी द्यायला हवी. मग दोन वाटा आहेत. एक तर किशोरवयीन मुलींना, एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस ९ ते १४ वयात देतात त्याच रांगेत, म्हणजे पोचवायची सोय तयार मिळते पण मग संरक्षण पाच-दहा वर्षं टिकायला हवं. नाहीतर मूल हवंय असं ठरवलेल्या बायकांना, तिथे टिकाऊपणाची अट दोन-तीन वर्षांची, पण अशा बायका शोधून काढायला आरोग्ययंत्रणेकडे नेहमीचं ठिकाण नसतं, आणि पहिलटकरणी, म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज तीच, बऱ्याचदा ठरवून गरोदर राहिलेल्या नसतात. या निवडीवरून पुढचं सगळं ठरतं, अँटीजेन (शरीराला ओळखायला लशीत घालतात तो परजीवीचा भाग) कोणता, अॅडज्युवंट (लशीचा प्रतिसाद वाढवायला मिसळतात ते द्रव्य) किती कडक चालेल, ट्रायल किती लांब, सगळं. म्हणून टीममध्ये पहिल्याच दिवशी कागदावर एक ओळ लिहा: कोणत्या वयाच्या बाईला, दिवस जायच्या किती आधी, आणि किती वर्षं टिकायला हवं. ती ओळ लिहिता येत नसेल तर प्रोटीनची ऑर्डर देऊ नका.

टार्गेट निवडणं

व्हार-टू-सीएसए हे राक्षसी प्रोटीन आहे, साधारण ३५० किलोडाल्टन, त्यात सहा मोठे भाग, त्यांना डीबीएल डोमेन म्हणतात, आणि त्यांना जोडणारे तुकडे, वर घडी धरून ठेवणाऱ्या डायसल्फाइड बंधांचं जाळं. अख्खं प्रोटीन नीट घडी पडलेलं, भरपूर आणि दर बॅचला सारखं बनवणं महाकठीण, म्हणून सगळे सीएसएला धरणारा छोटा भाग शोधायला लागले आणि तो सुरुवातीच्या टोकाला, दुसऱ्या डीबीएल डोमेनच्या आसपास, मिळाला. २०२१ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने या प्रोटीनची रचना प्रसिद्ध झाली, आणि सीएसएची साखळी प्रोटीनच्या आतल्या खोबणीतून कशी जाते तेही दिसलं. नवीन काम सुरू करणाऱ्याने ती रचना स्क्रीनवर उघडून एक आख्खी दुपार तिच्यासोबत घालवावी, कुठला भाग अँटीबॉडीला पोचण्यासारखा आहे आणि कुठला आत दडलाय हे वाचून कळत नाही, फिरवून बघूनच कळतं.

माणसांपर्यंत पोचलेल्या दोन लशी याच भागावर बनल्या. फ्रान्सच्या इन्सर्म संस्थेची प्रिमव्हॅक, ती ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवलेली, ३डी७ या परजीवी वाणावरून घेतलेली. दुसरी कोपनहेगन विद्यापीठाची पॅमव्हॅक, एफसीआर३ वाणावरून, फळमाशीच्या पेशींत बनवलेली. प्रिमव्हॅकची ट्रायल फ्रान्स आणि बुर्किना फासोमध्ये मिळून ६८ बायकांवर झाली, पॅमव्हॅकची जर्मनी आणि बेनिनमध्ये. दोन्ही सुरक्षित ठरल्या, दोन्हींनी अँटीबॉडी तयार केल्या, निकाल २०१९-२०२० च्या सुमारास आले, आणि दोन्हीकडे अडचण तीच निघाली: ज्या वाणावरून लस बनवली त्याला अँटीबॉडी बऱ्यापैकी ओळखतात, दुसऱ्या वाणांना जेमतेम. म्हणजे १९९८ च्या त्या सीरमने जे करून दाखवलं, सगळ्यांना अडवलं, ते लशीला जमलं नाही.

का जमलं नाही यावर मतं आहेत. कापून घेतलेल्या तुकड्यावर असे भाग उघडे पडतात जे खऱ्या प्रोटीनमध्ये झाकलेले असतात, आणि शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी करण्यात शक्ती घालवतं. शिवाय वाणावाणांत बदलणारे भाग शरीराला जास्त ठळक दिसतात, सगळ्यांत सारखे असलेले भाग कमी. मग यावर उपाय म्हणून कुणी अख्खं प्रोटीन परत हातात घेतलंय, त्याचे प्रयोग आओटस माकडांवर झालेत, कुणी तोच तुकडा विषाणूसारख्या दिसणाऱ्या रिकाम्या कणांवर दाटीने बसवतं म्हणजे प्रतिकारशक्तीला तो जोरात दिसावा, कुणी दोन-तीन वाणांचे तुकडे एकत्र करतं. मला विचाराल तर उलट्या बाजूने जाणं शहाणपणाचं: बऱ्याच खेपा झालेल्या बाईच्या रक्तातून अनेक वाणांना धरणाऱ्या अँटीबॉडी एकेक वेगळ्या काढा, त्या प्रोटीनवर नेमक्या कुठे बसतात ते बघा, आणि मग तेवढाच भाग दाखवणारा अँटीजेन बनवा. काम हळू होतं आणि निधी देणाऱ्यांना त्यात रोज दाखवायला काही नसतं, पण अंधारात दगड मारण्यापेक्षा बरं.

(जाता जाता, हीच साखर कॅन्सरच्या बऱ्याच पेशींवरही सापडते आणि व्हार-टू-सीएसए तिला धरतं, हे सालांतीच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं. मलेरियाच्या लॅबमधून कॅन्सरचं निदान, कोण कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.)

लॅबमध्ये खरी परीक्षा कुठली

एलायझा नाही. हे दोनदा वाचा. एलायझामध्ये तुम्ही स्वतः बनवलेलं प्रोटीन प्लेटवर चिकटवता आणि तुमच्याच लशीने तयार झालेली अँटीबॉडी त्याला धरते का ते बघता, आकडे छान येतात, पोस्टर छान होतं. पण अँटीबॉडीला जिवंत परजीवी असलेली पेशी ओळखता यायला हवी आणि ती पेशी सीएसएला चिकटण्यापासून रोखता यायला हवी, बाकी सगळं दुय्यम.

ही चाचणी कशी लावतात ते थोडं सविस्तर सांगते कारण गोंधळ इथेच होतात. परजीवी कल्चरमध्ये वाढवताना ते हळूहळू सोंग बदलत राहतात, म्हणून काही आठवड्यांनी सीएसए लावलेल्या प्लेटवर किंवा बेवो नावाच्या वारेसारख्या पेशींवर त्यांना फिरवून, जे चिकटले तेवढेच ठेवून बाकीचे धुऊन टाकायचे. याला पॅनिंग म्हणतात आणि हे केलं नाही तर महिन्याभरात तुमच्या फ्लास्कमध्ये भलताच परजीवी असतो आणि तुम्हाला वाटतं लस काम करत नाही. मग वाढीची अवस्था जुळवायची, पेशीत परजीवी मोठा झालेला, तपकिरी रंगाचा ठिपका दिसायला लागलेला हवा, लहान अंगठीसारख्या अवस्थेत तो चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या डिशवर सीएसएचे थेंब गोल गोल ठेवून, सुकू न देता ब्लॉक करून (म्हणजे बाकीची मोकळी जागा झाकून), सीरममध्ये भिजवलेल्या पेशी त्यावर सोडायच्या, काही वेळाने डिश तिरपी करून अगदी हळू धुवायची, फिक्स करून गिम्सा नावाचा रंग लावायचा आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं. धुण्याचा जोर माणसागणिक बदलतो! एकाच हाताने सगळ्या डिश धुतल्या तर बरं, आणि मोजणाऱ्याला कुठलं सीरम कुठल्या डिशमध्ये आहे ते माहीत नसावं.

कंट्रोल मात्र इथे फार सुंदर मिळतो. त्याच गावातल्या पुरुषांचं सीरम घ्या. त्यांनी आयुष्यभर मलेरिया सोसलाय, त्यांच्या रक्तात मलेरियाविरुद्धच्या अँटीबॉडी ढिगाने आहेत, पण वार नव्हती म्हणून या एका प्रोटीनविरुद्ध सहसा नाहीत. त्यांच्या सीरमने चिकटणं थांबलं तर तुमच्या चाचणीत काहीतरी गडबड आहे असं धरून चाला. दुसरा कंट्रोल म्हणजे विरघळलेलं सीएसए घालून बघा, त्याने चिकटणं बंद पडायलाच हवं, नाही पडलं तर पेशी दुसऱ्याच कशाला तरी चिकटताहेत. आणि चाचणी एका वाणावर करून थांबू नका, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या वारेतून काढलेल्या परजीवींवर करा, लॅबमध्ये वर्षानुवर्षं पाळलेला परजीवी फार शहाण्यासारखा वागतो.

बनवणं, अॅडज्युवंट, विषारीपणा

हे पटकन. अॅडज्युवंट अॅल्युमिनियमवाला घेतला तर गरोदरपणातल्या सुरक्षिततेचा धनुर्वात लशीमुळे जुना अनुभव हाताशी असतो, पण त्याने प्रतिसाद तितका दमदार येईलच असं नाही. नवीन तेल-पाण्याचे किंवा जीएलए नावाचं प्रतिकारशक्ती जागवणारं द्रव्य घातलेले अॅडज्युवंट जोरकस असतात, प्रिमव्हॅक आणि पॅमव्हॅक दोघांनीही दोन्ही प्रकार तपासले, पण गरोदर बाईच्या बाबतीत नियामकांचे प्रश्न वाढतात. प्राण्यांवरचा प्रजननाचा अभ्यास, म्हणजे उंदीर किंवा ससे यांना गाभण राहायच्या आधी आणि गाभणपणात लस देऊन पिल्लांपर्यंत बघणं, हा लवकर करून टाका. लस दिवस जायच्या आधीच द्यायची आहे मग कशाला, असं म्हणून पुढे ढकलतात आणि मग ट्रायलमध्ये एखादी बाई डोसनंतर लगेच गरोदर राहते (राहणारच, त्याच वयाच्या आहेत) आणि सगळं थांबतं.

दुसरी वाट: वारेपर्यंत पोचूच द्यायचं नाही

डास चावल्यावर परजीवी रक्तात यायच्या आधी यकृतात वाढतो. व्हार-टू-सीएसएचा नाद सोडून मलेरिया त्या यकृताच्या टप्प्यावरच अडवला तर? सॅनारिया कंपनीची पीएफएसपीझेड ही लस म्हणजे किरणोत्सर्गाने कमजोर केलेले अख्खे स्पोरोझॉइट, म्हणजे डास चावताना अंगात सोडतो त्या अवस्थेतले परजीवी. मालीमध्ये १८ ते ३८ वयाच्या, लवकरच मूल हवं असलेल्या ३०० निरोगी बायकांवर हिची ट्रायल झाली, निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी औषध देऊन अंगातले परजीवी साफ केले, मग महिन्याभरात तीन डोस, दोन वेगवेगळ्या मात्रा आणि एक प्लासिबो, म्हणजे लशीऐवजी नुसतं पाणी दिलेला गट. तिसऱ्या डोसनंतर २४ आठवड्यांत गरोदर राहिलेल्या ५५ जणींत संसर्गापासून संरक्षण कमी मात्रेला ६५ टक्के आणि जास्त मात्रेला ८६ टक्के, आणि दोन वर्षांत गरोदर राहिलेल्या एकूण १५५ जणींत ५७ आणि ४९ टक्के. बूस्टर न देता. आकडे लहान आहेत म्हणून दोन मात्रांमधल्या फरकावरून भांडत बसू नका, पण आधी दिलेली लस गरोदरपणापर्यंत टिकते हे पहिल्यांदा असं दिसलं, आणि वेळ आधी ठरवा म्हणते ते यासाठीच, ही ट्रायल वेळेभोवतीच बांधलेली होती.

अडचण पोचवण्याची. ही लस शिरेतून द्यावी लागते आणि द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवावी लागते. जिथे साधा फ्रिज चालू ठेवायची मारामार तिथे नायट्रोजन कुठून आणणार, आणि गर्दीच्या केंद्रावर नर्सने शिर शोधत किती वेळ घालवायचा. काही लोक म्हणतात एचपीव्हीसारखं दंडात द्यायचं इंजेक्शन नसेल तर ती लस नाहीच. मी इतकं टोक गाठणार नाही, पण या प्रश्नाचं उत्तर ट्रायल संपल्यावर शोधायचं नसतं एवढं नक्की.

ट्रायल मांडताना

पहिला प्रश्न, मोजायचं काय. वारेतला संसर्ग, आईचा अॅनिमिया की बाळाचं वजन? नियामकांना आणि आरोग्य खात्याला वजनात रस असतो, पण वजनावर शंभर गोष्टींचा परिणाम होतो, आईचं खाणं, उंची, कितवी खेप, दिवस पूर्ण झाले की नाही. हिशोब करून बघा. समजा लस न दिलेल्या गटात वारेचा मलेरिया २० टक्के बायकांत आहे आणि लशीने तो १० टक्क्यांवर आणायचाय, तर ८० टक्के पॉवरसाठी (म्हणजे फरक खरा असेल तर तो सापडायची शक्यता ८० टक्के) गटाला साधारण २०० बाळंतपणं पुरतात. पण कमी वजनाची बाळं १२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायचं दाखवायचं असेल तर गटाला ३,८०० च्या वर लागतात. आणि ही बाळंतपणं आहेत, लस दिलेल्या बायका नाहीत. मालीत मूल हवं असलेल्या बायकाच घेतल्या होत्या तरी दोन वर्षांत ३०० मधल्या १५५ गरोदर राहिल्या. किशोरवयीन मुली घेतल्या तर हा आकडा आणखी खाली जाईल आणि ट्रायल कितीतरी लांबेल. म्हणून पहिल्या टप्प्यात वारेतला संसर्ग मोजा, वजन नोंदवत राहा.

दुसरी भानगड म्हणजे एसपी, म्हणजे मलेरिया टाळायला देतात त्या सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या गोळ्या. डब्ल्यूएचओच्या सल्ल्याप्रमाणे या भागातल्या गरोदर बायकांना दुसऱ्या तिमाहीपासून, प्रत्येक वेळी किमान महिन्याचं अंतर ठेवून, निदान तीन डोस द्यायचे असतात, आणि मच्छरदाणीही. ट्रायलमध्ये दोन्ही गटांना हे द्यावंच लागतं, त्यात चर्चेला जागा नाही, आणि त्यामुळे संसर्ग कमी होऊन तुमचा सँपल साइज फुगतो. तो खर्च आधीच धरा. एचआयव्हीसाठी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक घेणाऱ्या बायकांना एसपी देत नाहीत, म्हणजे लशीची सगळ्यात जास्त निकड ज्यांना आहे त्यात त्या येतात, आणि ट्रायलमधून पहिल्यांदा वगळल्याही त्याच जातात. निदान दुसऱ्या टप्प्यात त्यांचा वेगळा गट ठेवा.

वारेचा तुकडा घेण्यावर प्रशिक्षण द्या, अगदी हात धरून. तुकडा आईकडच्या बाजूचा हवा, पूर्ण जाडीचा, कडेचा नको. बाळंतपण रात्री दोन वाजता होतं, सुईण बाळ-बाळंतिणीत गुंतलेली असते, वार बादलीत जाते. प्रत्येक बाळंतखोलीत नाव-नंबर लिहिलेली बाटली हाताशी ठेवलेली असेल तरच नमुना मिळतो. बाटलीत फॉर्मालिन बफर केलेलं, न्यूट्रल असावं, साधं आम्लधर्मी फॉर्मालिन वापरलं तर त्याचाच तपकिरी गाळ पेशींवर बसतो आणि तो मलेरियाच्या रंगद्रव्यासारखा हुबेहूब दिसतो, मग पॅथॉलॉजिस्ट बसतो डोकं खाजवत. बाळाचं वजन पहिल्या २४ तासांत, डिजिटल काट्यावर, काटा ठरावीक दिवसांनी तपासलेला. आणि गरोदरपणाचे आठवडे लवकरच्या सोनोग्राफीवरून ठरवा, शेवटच्या पाळीच्या तारखेवर विसंबून लहान बाळ आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ यातला फरक कळत नाही.

विश्लेषणात एक सापळा आहे. ज्या बाईला संसर्ग झालाच नाही तिच्याकडे अँटीबॉडी कमी आणि बाळ छान, ज्या बाईला झाला तिच्याकडे अँटीबॉडी जास्त आणि बाळ बारीक. आकडे सरळ जोडले तर अँटीबॉडी वाईट असं निघेल. म्हणून अँटीबॉडीचा संबंध बघायचा तर संसर्ग झालेल्या बायकांमध्येच बघा, आणि खेपेप्रमाणे वेगळं करून.

गर्भपाताच्या अफवेची तयारी आधी करा

गरोदर राहू शकणाऱ्या बायकांना लस म्हटलं की वांझ करायची सुई आहे ही कुजबूज कुठेही उठते आणि फार वेगाने पसरते. त्यावर भाषणं उपयोगाची नाहीत. ट्रायल सुरू व्हायच्या वर्षभर आधीपासून त्याच भागात गरोदरपणाची नोंदवही सुरू करा, किती गर्भपात होतात, किती मृतजन्म, किती व्यंग असलेली बाळं, लस येण्याआधीचे आकडे. गर्भपात सगळीकडेच होतात, आणि आधीचा आकडा हातात नसेल तर लस घेतल्यानंतरचा प्रत्येक गर्भपात लशीच्याच नावावर लागतो, मग तुमच्याकडे सांगायला काही नसतं. डोस द्यायच्या आधी प्रत्येक वेळी लघवीची गरोदर चाचणी करा, निकाल बाईलाच सांगा, सासूला किंवा नवऱ्याला नाही, कारण हा निकाल घरात फुटला की पुढच्या डोसला ती येत नाही आणि तिच्या शेजारणीही येत नाहीत. तरीही कुणी चुकून गरोदरपणात लस घेतलेली निघाली तर तिला ट्रायलमधून काढून टाकून मोकळं होऊ नका, बाळ वर्षाचं होईपर्यंत तिच्या घरी जात राहा. गरोदरपणात ही लस सुरक्षित आहे का, या प्रश्नावर माणसांमधली पहिली माहिती तुम्हाला याच बायकांकडून मिळणार आहे.